आधी रडू द्या, मग झबलं

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, त्यांना वाचता येतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते मीच शिकवलेलं आहे. सुलतानपूरच्या पुढे एक फाटा लागतो, तिथे एसटीतून उतरायचं आणि तासभर चालायचं, एवढं सांगितलं तरी पुरे.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी नगरकडची, नवी प्राथमिक शिक्षिका, पहिलीच नेमणूक. चौथ्याच दिवशी मला ताप भरला आणि मी गावच्या दवाखान्यात गेले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. उरलेले सहा दिवस नर्सबाई.

ओसरीतल्या बाकावर माझ्या शेजारी एक शेतकरी बसला होता. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि तो त्यावरून मधूनमधून हात फिरवत होता. मला वाटलं, तान्हं मूल असेल. तेवढ्यात आतून पांढऱ्या साडीतली एक उंच, सावळी बाई आली आणि उभ्या उभ्याच विचारू लागली.

"काय झालं?"

"कालपासून आवाज बसला, बाई. मधातच घरघरते, मधातच चूप होते."

"पडला होता काय?"

"हाव. बाजेवरून."

"पाणी गेलं आत?"

"पोट्ट्यानं तांब्या लवंडला आंगावर."

"अन् मले आज सांगून राह्यले! ठेवा तिकडे उन्हात. दुपारी पोट खोलून पाह्यतो."

माझा ताप जागच्या जागी उतरल्यासारखा वाटला. पिशवी उचलून मी निघालेच होते, एवढ्यात त्या माणसानं घोंगडी सोडली आणि आतून रेडिओ निघाला. मी परत बसले.

"तुमचं काय?" नर्सबाईंनी मला विचारलं.

"ताप आहे."

"तुम्हाले, का रेडिओले?"

ही माझी आणि वच्छलाबाई इंगळे यांची पहिली भेट.

त्यांचं ते 'पाह्यतो' ऐकून मी आणखीच गोंधळले होते. वऱ्हाडात बायकाही 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिले आठ दिवस मला वाटायचं की आत आणखी कोणी पुरुष माणूस आहे आणि या त्याचे निरोप सांगतात. पण आत कोणी नव्हतं. आत होतं एक लाकडी टेबल. त्याच्या एका टोकाला स्टोव्ह, स्टोव्हवर पातेल्यात इंजेक्शनच्या सुया उकळत असायच्या, आणि पातेल्याखालच्या त्याच जाळात रेडिओच्या तारा शिशानं जोडायची, म्हणजे डाग द्यायची, तांब्याच्या टोकाची सळई तापत पडलेली असायची. गावात वीज आली होती, पण ती तिच्या मर्जीनं यायची; वच्छलाबाई तिच्या भरवशावर बसत नसत. स्पिरिट आणि डागाला लावायची राळ यांचा मिळून एक वास त्या दवाखान्याला होता. अजून कुठे राळ जळाली की माझा इंजेक्शन घेतलेला दंड दुखतो.

त्या हे कुठे शिकल्या, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. नागपूरला नर्सिंगचं शिक्षण घेत असताना हाडांच्या वॉर्डात एक रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक तीन महिने पाय वर टांगून पडला होता. त्याला करमेना, आणि यांना वसतिगृहातला बिघडलेला रेडिओ बघवेना. यांनी तो त्याच्या छातीवर नेऊन ठेवला. त्यानं आडव्यानंच सगळी विद्या दिली.

"असा गुरू पुन्हा नाही भेटायचा," त्या म्हणायच्या. "कितीही विचारा, पळून जाता येत नव्हतं त्याले."

त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर होते, जालन्याच्या गाडीवर. आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि येताना तिकिटांच्या रद्दी कागदात गुंडाळून काही ना काही आणायचे. दुसऱ्या बायकांचे नवरे गजरे आणत, इंगळे कंडक्टर ट्रान्झिस्टर आणत; अख्खा रेडिओ नव्हे, रेडिओच्या पोटातला आवाज वाढवणारा भाग. डोक्यावर टोपी आणि खाली तीन तारा असलेली ती शेंगदाण्याएवढी वस्तू वच्छलाबाई उजेडात धरून बघत, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे यायचं ते मी गजऱ्यानं कोणाच्या तोंडावर आलेलं पाहिलेलं नाही.

दुरुस्ती हे त्यांचं लोकांसाठीचं काम. त्यांचा खरा जीव नवीन जोडण्यात. एका फळीवर पितळेचे स्क्रू मारायचे, त्यांना तारा गुंडाळायच्या, आणि कुठून काय कुठे जातं त्याचं चित्र आधी कागदावर काढायचं. एकेक तार लागली की चित्रातल्या त्या रेघेवर लाल पेन्सिल फिरवायची. सगळं चित्र लाल झाल्याशिवाय सेलला हात लावायचा नाही. हे सगळं त्या रोग्यांची नावं लिहायच्या वहीच्या मागच्या पानांवर करत. त्यामुळे पुढून वाचलं तर खोकला, जुलाब, गोवर, आणि मागून वाचलं तर रेडिओ. वहीच्या मधल्या पानांवर दोन्हींची गाठ पडे, तिथे मात्र कोणाला काय दिलं ते फक्त त्यांनाच कळे.

डाग द्यायची त्यांची रीत बघायला माणसं उगाच येऊन बसत. त्या बोलत बोलत काम करायच्या.

"शिसं नाही तापवायचं. जोड तापवायचा. जोड तापला की शिसं आपोआप येते, तुम्ही बोलवा का नका बोलवू. अन् थंड होईस्तोवर हलवायचं नाही. चमकला तर जोड पक्का. पिठूळ दिसला का समजा, वरून धरला हाये, आतून सुटा."

ट्रान्झिस्टर लावताना मात्र त्या बोलायच्या थांबत. त्याला ताप सोसत नाही, सळई जरा जास्त टेकली की आतल्या आत मरतो. त्यावर त्यांचा उपाय होता. रक्तवाहिनी दाबून धरायचा दवाखान्यातला चिमटा त्या ट्रान्झिस्टरच्या पायाला, डागाच्या वर, अडकवून ठेवत. सगळा ताप चिमटा पिऊन घेई आणि ट्रान्झिस्टर वाचे. काम झालं की चिमटा परत उकळत्या पातेल्यात.

विजेच्या सेटवर काम करताना डावा हात पाठीमागे, हा आणखी एक नियम. दोन हातांनी दोन ठिकाणी शिवलं तर झटका छातीतून जातो, म्हणून. त्या स्वतः डाव्या हातानं पाठीमागे पदराचं टोक घट्ट धरून उभ्या राहत आणि उजव्या हातानं काम करत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई रेडिओला काही बक्षीस देणार आहेत आणि ते मागे लपवलंय.

आमचे हेडमास्तर देशमुख गुरुजी त्यांचे शिष्य झाले. गुरुजी हुशार होते, पण त्यांना धीर नव्हता. त्यांनी पहिल्या महिन्यात तीन ट्रान्झिस्टर जाळले. वच्छलाबाईंनी ते पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत घातले, बाटलीवर चिकटपट्टी लावून 'गुरुजी' असं लिहिलं आणि ती बाटली टेबलावर समोरच ठेवली. येणारा-जाणारा विचारायचा, गुरुजींना काय झालं म्हणून.

रेडिओ बोलला नाही की गुरुजी एकाच वेळी चार गोष्टी बदलत. वच्छलाबाई कपाळाला हात लावत.

"गुरुजी, एका टायमाले एकच बदला. तुम्ही रोग्याले चार औषधं एकदम पाजून राह्यले. बरा झाला तर कशानं झाला? अन् मेला तर कशानं मेला?"

गुरुजी मान हलवत आणि पाचवी गोष्ट बदलत.

शेवटी एकदाची त्यांची विद्या पुरी झाली असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. पुढे नक्षी, आवाजाच्या जागी रेशमी कापड, वर पितळेच्या अक्षरांत स्वतःचं नाव. सगळी जोडणी त्या पेटीतच बसवली, झाकण स्क्रूनं बंद केलं आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकायला शाळेच्या ओसरीत गाव बोलावलं. पाटील आले, सरपंच आले. मुलींनी रांगोळी काढली. गुरुजींनी चार शब्द बोलून बटण फिरवलं.

रेडिओ काही बोलला नाही.

"स्टेशन लागायचं आहे अजून," गुरुजी म्हणाले.

लोक बसले. वऱ्हाडातली माणसं भिडस्त. पंधरा मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही. गुरुजी पेटीकडे बघत होते आणि गाव गुरुजींकडे. शेवटी पाटलांनी फार अदबीनं विचारलं, "गुरुजी, बातम्या सरल्या काय?"

वच्छलाबाई मागे बायकांत बसल्या होत्या. त्या पुढे आल्या, पदरातून पेचकस काढला आणि झाकण उघडलं. सेल उलटे बसवले होते. उलट्या सेलनं ट्रान्झिस्टर कधीच गेला होता. त्यांनी तो अलगद काढला, पदराच्या गाठीत बांधला आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, आधी पोर रडू द्या, मंग झबलं घाला."

सुईणीचंच बोलणं ते. फळीवर वाजवून बघा, मग पेटीत घाला, एवढाच त्याचा अर्थ. पण गावानं ते उचललं. ग्रामपंचायतीत कोणी नव्या इमारतीचा आराखडा मांडला की मागून आवाज यायचा, "आधी रडू द्या!" बाटलीत चौथा ट्रान्झिस्टर पडला. गुरुजी दोन आठवडे दवाखान्यापुढून गेले नाहीत, मागच्या बोळानं जायचे. मग पुन्हा आले. पुढे त्यांचा रेडिओ झाला, चांगला वाजला. पण तोवर त्या पेटीत त्यांच्या पत्नी मसाल्याच्या पुड्या ठेवायला लागल्या होत्या, म्हणून तो शेवटपर्यंत फळीवरच राहिला.

एक गोष्ट मात्र मी हसत सांगू शकत नाही, तरी सांगते. वच्छलाबाई बौद्ध. गावातल्या काही घरच्या बायका औषध घ्यायला येत, पण उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून, ओंजळ लांब करून. पाटलीणबाई त्यातल्याच. त्यांचा रेडिओ बिघडला तेव्हा त्या स्वतः तो घेऊन आल्या आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचा धीर होईना म्हणून थेट आत टेबलापर्यंत गेल्या. वच्छलाबाईंनी शांतपणे स्टूल पुढे केलं. पाटलीणबाई बसल्या. काम लांबलं, मध्ये चहा झाला, तो त्या प्यायल्या. गेल्यावर वच्छलाबाई मला म्हणाल्या, "पाच मिनिटांचं काम होतं, बाई. मी दीड घंटा लावला."

आता साहेबांची गोष्ट.

थंडीच्या दिवसांत दवाखान्यात बाळंतीण झोपी जायची, बाळ ओलं व्हायचं आणि ओल्यातच गारठून पडायचं. वच्छलाबाई एकट्या, त्या किती ठिकाणी बघणार? त्यांनी एक युक्ती केली. खादीच्या दुहेरी फडक्यात तांब्याच्या दोन पट्ट्या शिवल्या, एकमेकींना न लागतील अशा. त्यांच्या तारा दोन ट्रान्झिस्टरच्या एका छोट्या जोडणीला, आणि तिला एक जुना स्पीकर. फडकं कोरडं तोवर सगळं गप्प. ओलं झालं की त्या पाण्यातून एका पट्टीतून दुसरीत वीज जायची आणि स्पीकर टिटवीसारखा ओरडायचा. सेल टॉर्चचे, त्यामुळे बाळाला काही धोका नाही. त्या हिवाळ्यात आमच्या दवाखान्यात एकही बाळ गारठलं नाही. टिटवी ओरडली की बाळंतीण झोपेतच लंगोट बदलायची.

मे महिन्यात तपासणीला एक साहेब आले. दुपारी दोनची वेळ, जीपमधून आलेले, घामानं नुसते निथळत होते. ते येणार म्हणून दवाखान्यातली आया कौसाबाई हिनं सकाळपासून आवराआवर केली होती. पाळणा आत नेला, वायरी खुर्चीमागे सारल्या, आणि ते फडकं स्वच्छ धुतलेलं दिसलं म्हणून खुर्चीवर गादीसारखं अंथरलं. मी शाळेतल्या मुलांच्या लशींची यादी घेऊन तिथेच उभी होते, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं.

साहेब बसले. वही मागितली. वच्छलाबाईंनी पुढून उघडून दिली आणि मागची पानं बोटानं दाबून धरली. साहेबांनी दहा मिनिटं प्रश्न विचारले. अकराव्या मिनिटाला त्यांच्या खालून टिटवी ओरडली.

साहेब दचकून अर्धवट उठले. फडक्यावरचा भार गेला, आवाज थांबला. इकडेतिकडे बघून ते बसले. आवाज सुरू. पुन्हा उठले, बंद. पुन्हा बसले.

वच्छलाबाई त्या वेळी वहीत काहीतरी शोधत होत्या. मान वर न करता, सहा महिन्यांच्या सवयीनं, त्या म्हणाल्या, "उठा, ओलं झालं."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काय ओलं झालं?" साहेब म्हणाले.

आता वच्छलाबाईंना कळलं. दुसरं कोणी असतं तर पायाशी लोळण घेतली असती. यांना मात्र जोडणी नीट चालल्याचा आनंद आवरेना. "साहेब, घाम हाये तो, दुसरं काही नाही. घामात मीठ असते. साध्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी लवकर बोलते."

कौसाबाई पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. तिचं हसणं ओसरीतून विहिरीपर्यंत जाताना ऐकू येत होतं.

आठ दिवसांत कागद आला. शासकीय आसनावर विद्युत उपकरण ठेवण्याचं प्रयोजन काय, ते लेखी कळवावं. दवाखान्यातली सर्व खासगी यंत्रसामग्री काढून टाकावी. शस्त्रक्रियेची हत्यारं अन्य कामी वापरल्याचं दिसून आलं आहे, पुन्हा तपासणी होईल, तसं आढळल्यास नोकरीचा विचार करावा लागेल. शेवटचं वाक्य वच्छलाबाईंनी दोनदा वाचलं. कंडक्टरच्या पगारात घर भागत नव्हतं.

उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन पानं शुद्ध मराठीत लिहिली. त्यांनी ती वाचली आणि पेन्सिलीनं एकेक ओळ खोडत गेल्या. "फालतू तार नको, बाई. तार जितकी लांब, तितका घोळ." शेवटी दोनच वाक्यं उरली: 'उपकरण बाळासाठी होते. साहेब त्यावर बसले.' तेच त्यांनी सही करून पाठवलं.

सामान मात्र काढलं. फळ्या, सळई, तारांची भेंडोळी, गुरुजींची बाटली, सगळं एका पेटीत भरलं. गावातले आजारी रेडिओ घरोघर परत गेले. दोन दिवस वच्छलाबाई नुसत्या हात धूत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या ती पेटी डोक्यावर घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"दवाखान्यात नको म्हणले. बाईच्या खोलीत नको, असं लिवलं काय कुठं?"

माझी खोली त्यांच्या क्वार्टरला लागूनच होती. अशा रीतीनं माझ्या टेबलाला तीन भोकं पडली, माझ्या हजेरीपुस्तकावर शिशाचे थेंब पडले, आणि माझा केसांचा चिमटा ट्रान्झिस्टर वाचवायच्या कामी लागला.

त्यांना तिथे एक अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं होतं. त्यांच्या सासूबाईंसाठी.

गिरजामाय दहा वर्षांपूर्वीच्या एका तापात ठार नाही, पण जवळजवळ बहिरी झालेली. कानाशी येऊन ओरडलं तर थोडं कळे. दिवसभर दोन घरांच्या मधल्या ओट्यावर बसायची. गल्लीतल्या बायका तिथेच तूर निवडत, शेवया करत, आणि भिंतीसमोर बोलावं तसं तिच्यासमोर वाटेल ते बोलत, तिच्याबद्दलसुद्धा. खुद्द वच्छलाबाई तिला जेवायला वाढताना तोंडभर हसून म्हणायच्या, "खा माय, माझं डोकं तर रोजच खाता." गिरजामाय हसून मान हलवायची.

पण पौर्णिमेला विहारात वंदना असायची, तिथे वच्छलाबाईंचं हसू मावळायचं. गिरजामाय दुसऱ्यांच्या ओठांकडे बघत बघत हात जोडायची, आणि शेवटी सगळ्यांचं 'साधू, साधू, साधू' म्हणून झाल्यावर, सगळे गप्प बसल्यावर, एकटीच मोठ्यानं 'साधू' म्हणायची. पोरं खुदकन हसायची.

वच्छलाबाईंनी साबणाच्या डबीत तीन ट्रान्झिस्टर बसवले. एका बाजूला आवाज टिपायची चकती, दुसरीकडून वायर निघून कानात घालायची गुंडी. आधी फळीवर वाजवून पाहिलं. मग डबीत घातलं तर नुसती शिट्टी. चकती आणि गुंडी जवळ आली की आवाज गोल गोल फिरतो, म्हणून वायर लांबवली. एकच गोष्ट बदलली, बघितलं, लिहून ठेवलं. मग लुगड्याला घासून ढग गडगडल्यासारखा आवाज यायला लागला, म्हणून डबीला आतून कापूस लावला आणि ती खांद्याशी टाचली. पंधरा दिवस हे चाललं होतं. शेवटी माझ्या कानात गुंडी घालून त्या अंगणात लांब जाऊन कुजबुजल्या. मला स्पष्ट ऐकू आलं. काय म्हणाल्या ते शाळेबद्दल होतं, सांगत नाही.

गिरजामायच्या कानात गुंडी घातली. आम्ही दोघी समोर बसलो.

"माय, ऐकू येते काय?"

गिरजामायनं आमच्याकडे बघितलं आणि नेहमीसारखी हसून मान हलवली. काही नाही.

वच्छलाबाईंनी डबी उघडली. सगळे जोड चमकत होते. सेल बदलले. नाही. चकती बदलली. नाही. दर वेळी माझ्या कानात वाजायचं आणि गिरजामायच्या कानात घातलं की मान हलायची. तरी ती डबी गिरजामाय काढून देत नव्हती, खांद्याला टाचूनच ओट्यावर बसायची. आम्हाला वाटलं, दागिना म्हणून आवडली असेल. असे आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. गिरजामाय मध्ये बसलेली. वच्छलाबाई एकदम बशी खाली ठेवून माझ्याशी बोलायला लागल्या.

"हरली मी, बाई. गावाचे रेडिओ बोलके केले, अन् घरच्या बुढीले एक शब्द ऐकवता आला नाही. लय छळलं तिनं मले लग्नानंतर. पण मी शिकायले नागपूरले गेली तवा आपल्या हातातल्या पाटल्या मोडून तिनंच धाडलं. त्या लेकरायनं विहारात तिले हसलं का मले तिथं बसवत नाही. मले वाटलं, एक पौर्णिमा तरी..."

 मी त्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"चा थंडा होऊन राह्यला, वच्छले," गिरजामाय म्हणाली.

वच्छलाबाईंनी मान वर केली.

"माय! ऐकू येते तुम्हाले?"

"येते ना. पयल्या रोजापासून येते."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"तुमी समद्या बोलून राह्यल्या होत्या. मधात कायले बोलू?"

वच्छलाबाई हसत होत्या का रडत होत्या ते सांगता येणार नाही. त्यांनी सासूच्या खांद्यावरची डबी दोन्ही हातांनी धरली, आणि त्या धरण्यानं गिरजामायच्या कानात असा काही गडगडाट झाला असावा की ती ओरडली, "हात काढ आधी!"

दुसऱ्या दिवशी गिरजामायनं आठ दिवसांचा हिशेब चुकता करायला घेतला. "कौसे, माझ्या लेकाचं नाक बसकं हाये म्हणे?" कौसाबाई सूप घेऊन उठली. मी आपली खाली मान घालून वह्या तपासत होते. त्या आठवड्यात एकदा मी वच्छलाबाईंना म्हणाले होते की माझ्या बरणीतलं लोणचं गिरजामायच्या सवडीनं कमी होतं. माझ्याकडे वळून गिरजामाय गोड आवाजात म्हणाली, "बाई, लोणच्यात मीठ जास्त पडलं हाये तुमच्या." गल्लीतल्या बायका तूर घेऊन दुसऱ्या ओट्यावर जाऊ लागल्या. मग गिरजामाय त्यांना डबीचं बटण बंद करून दाखवायची, तेव्हा कुठे त्या परत बसायच्या.

त्या पौर्णिमेला विहारात तिचं 'साधू' वेळेवर आलं. खरं तर सगळ्यांच्या आधी आलं. पोरं हसली, पण वच्छलाबाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसल्या.

पावसाळ्यानंतर साहेब दुसऱ्यांदा आले. आधी त्यांनी खुर्चीवर तळहात दाबून पाहिला, मग बसले. सगळं तपासलं. काही सापडलं नाही. जाताना त्यांनी विचारलं, "ते... ओरडणारं कुठे आहे?"

"काढलं साहेब. तुमचा कागद आला ना."

"मग आता बाळ ओलं झालेलं कसं कळतं?"

"रडते. अन् नाही रडलं तर नाही कळत."

साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि गेले. महिन्याभरानं बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी, मोठ्या दवाखान्यात. हुकमाच्या खाली शाईनं दोन ओळी लिहिलेल्या होत्या: 'सदर बालक-उपकरण सोबत नेण्यास हरकत नाही. मात्र ते आसनापासून सुरक्षित अंतरावर ठेवावे.' ही शिक्षा होती का बक्षीस, यावर गावात दोन तट पडले. देशमुख गुरुजींनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी वाद घातला.

निघायच्या दिवशी बैलगाडीतून सामान फाट्यावर नेलं. निम्मं गाव बरोबर होतं. पाटलीणबाईंनी शिदोरी दिली, आणि ती स्वतःच्या हातानं वच्छलाबाईंच्या हातात दिली. मी काय बोलावं ते घरून ठरवून गेले होते. तिथे गेल्यावर फक्त 'पत्र लिहा' एवढंच म्हणाले, आणि त्या म्हणाल्या, "मी काय लिवणार? दोनच वाक्यं येतात मले."

एसटी आली. नेमके त्या गाडीवर इंगळे कंडक्टर होते. त्यांनी सामान टपावर चढवलं, आईला हात धरून बसवलं, आणि बायकोचं आणि आईचं पहिलं तिकीट फाडलं. डबल घंटी दिली. गाडी हलली आणि थांबली. समोर रस्त्यावर शेळ्यांचा कळप बसला होता आणि गाडीचा हॉर्न महिनाभर बंद होता. ड्रायव्हर खिडकीतून हाड्‌हाड् करत होता, शेळ्या रवंथ करत होत्या.

वच्छलाबाई खाली उतरल्या. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. डावा हात पाठीमागे गेला. केसातला आकडा काढून त्यांनी आत कुठेतरी खरवडलं, एक तार पिळून बसवली आणि हात झटकले. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. तो इतक्या जोरानं वाजला की शेळ्याच काय, आमची बैलगाडीसुद्धा बांधावर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाई आकडा केसात खोचून परत गाडीत चढल्या.

गाडी निघाली, पण हॉर्न काही थांबेना. ड्रायव्हरनं दोन्ही हात वर करून दाखवले, तरी तो वाजतच होता. गिरजामायनं कानातली गुंडी ओढून काढली. वच्छलाबाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या, हसत होत्या, पदर वाऱ्यावर उडत होता, आणि मला हातवारे करून काहीतरी ओरडून सांगत होत्या. मी रस्त्यानं धावत ओरडले, "काय? काय म्हणता?" त्यांनी पुन्हा सांगितलं. गाडी वळणावर गेली, तरी हॉर्न ऐकू येत होता, मग टेकडीमागून ऐकू येत होता.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या काय सांगत होत्या, ते मला अजून ठाऊक नाही.